न्हाणीच्या पाण्यावरचा लसूण

माजलगाव तालुक्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याच्या हाती सर्वप्रथम येते ते तांबे. गोदावरीच्या दक्षिण तीरावरील पुरुषोत्तमपुरी येथे सापडलेला देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाचा ताम्रपट शके १२३२ चा, म्हणजे इसवी सन १३१० चा आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. राजाचा मंत्री पुरुषोत्तम याने काही गावे एकत्र करून ब्राह्मणांना अग्रहार दिला आणि त्या अग्रहारास आपले नाव ठेवले, ही त्यातील मुख्य हकीकत. यादवांचे राज्य त्यानंतर दशकभरही टिकले नाही. गाव मात्र टिकले, आणि अधिक मासात तेथील पुरुषोत्तमाच्या दर्शनाला आजही दूरदूरचे लोक जातात.

ताम्रपटात दान देणाऱ्याचे नाव असते, घेणाऱ्याचे असते, गावांच्या सीमा असतात. घराच्या मागच्या भिंतीपलीकडे, न्हाणीचे पाणी जेथे मुरते तेथे, काय पिकत होते हे मात्र कोणी तांब्यावर कोरून ठेवीत नाही. या लेखात आम्ही त्या भिंतीपलीकडे थोडे जाऊ इच्छितो. विषय साधा आहे: परसातील लसूण.

विषय साधा असला तरी वनस्पती मात्र विलक्षण आहे. गहू, ज्वारी, मिरची ही बियांपासून येतात. लसणाला आपल्याकडे बी धरतच नाही. त्याची पाकळी, म्हणजे कुडी, मातीत खोचली की तिच्यापासून नवा गड्डा तयार होतो, त्या गड्ड्याची कुडी पुढच्या वर्षी खोचायची, आणि असे हजारो वर्षे चाललेले आहे. मध्य आशियातील डोंगराळ मुलूख हे त्याचे मूळ घर मानले जाते. तेथे बी धरणारे लसूण विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत संशोधकांना आढळले. इतरत्र मात्र तो कुडीनेच वाढतो. कुडी ही संतती नव्हे, त्याच झाडाचा पुढे ठेवलेला तुकडा आहे. काळाच्या ओघात तिच्यात बारीकसारीक बदल होतात, त्यातूनच पांढरे आणि जांभळट असे वाण निघाले, पण धागा तुटत नाही. कोणा तरी माणसाने कोणा तरी माणसाच्या हातावर कुडी ठेवल्याखेरीज लसूण एका गावातून दुसऱ्या गावात जाऊ शकत नाही. वारा त्याला नेत नाही, पाखरू नेत नाही. माजलगावच्या परसात आज जी कुडी आहे, ती माणसांच्या अखंड मालिकेतून तेथे आली आहे. एका अर्थी हा ताम्रपटाहून जुना दस्तऐवज आहे, आणि तो दरवर्षी नव्याने लिहावा लागतो.

आता या दस्तऐवजाला घरात प्रवेश मिळविण्यासाठी किती झगडावे लागले ते पाहू. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांनी न खाण्याच्या पदार्थांत लसणाचा समावेश आहे. पाचव्या शतकाच्या प्रारंभी भारतात आलेला चिनी यात्रेकरू फाहियान लिहितो की मध्यदेशात लोक कांदा-लसूण खात नाहीत, त्याला अपवाद चांडाळांचा. सातव्या शतकात ह्यूएनत्संग आला, तो पुलकेशीच्या महाराष्ट्रातही येऊन गेला. त्याने तर असे नोंदविले आहे की कांदा-लसूण फार थोडे लोक खातात आणि जे खातात त्यांना गावाबाहेर राहावे लागते. बौद्ध भिक्षुणींच्या नियमांतही लसणाविरुद्ध एक नियम आहे, आणि तो का झाला याची कथा मोठी मानवी आहे. एका गृहस्थाने आपल्या शेतातील लसूण भिक्षुणींना देऊ केला. थुल्लनंदा नावाच्या भिक्षुणीने आपल्या सोबतिणींसह जाऊन सगळाच लसूण उपटून आणला. तेव्हा बुद्धांनी भिक्षुणींना लसूणच बंद केला. अन्नाचा दोष कोठेच नव्हता, दोष हावेचा होता. आजारी भिक्षूला औषध म्हणून लसूण घेण्यास मात्र परवानगी होती.

औषध! येथेच सगळी मेख आहे. ज्यांनी लसूण पानावरून उठविला, त्यांनाच तो औषधाच्या पेटीत हवा होता. १८९० साली हॅमिल्टन बॉवर नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यास मध्य आशियातील कुचा येथे भूर्जपत्रावरील एक संस्कृत पोथी मिळाली. ती पाचव्या-सहाव्या शतकातील समजली जाते. विद्वान हर्नले यांनी ती वाचली तेव्हा तिच्यातील पहिल्याच वैद्यकीय ग्रंथाचा आरंभ लसणाच्या स्तुतीने झालेला दिसला. अमृत चोरून पिणाऱ्या असुराचे मस्तक विष्णूने उडविले, त्याच्या गळ्यातून जे थेंब भूमीवर पडले त्यांचा लसूण झाला, ही कथा तेथे आहे. थेंब अमृताचे, पण ते असुराच्या देहातून आलेले. म्हणून गुण अमृताचा आणि विटाळ असुराचा. मग ब्राह्मणाने काय करावे? पोथी उपाय सांगते. गाईला तीन रात्री जवळजवळ उपाशी ठेवावे, नंतर दोन भाग गवत आणि एक भाग लसणाची पात असा चारा घालावा, आणि मग तिचे दूध, दही, तूप ब्राह्मणाने खुशाल घ्यावे. ही युक्ती वाचून हसू आल्यावाचून राहत नाही. गाईची मात्र दया येते. त्याच पोथीत हिवाळ्यात घराच्या दारांवर लसणाच्या माळा लावून साजऱ्या करावयाच्या उत्सवाचेही वर्णन आहे, म्हणजे सर्वांनाच त्याचे वावडे नव्हते.

संस्कृतात लसणाला ‘रसोन’ असेही नाव आहे. सहा रसांपैकी आम्ल हा एक रस वगळता बाकीचे पाचही त्यात आहेत, एका रसाने तो ऊन, म्हणून रसोन, अशी त्याची व्युत्पत्ती आयुर्वेदाचे ग्रंथ देतात. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात लसणाचे गुण सांगितले आहेत आणि रसायनाच्या प्रकरणात त्याच्या सेवनाचा विधीही आहे. याच अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली ती देवगिरीचा मंत्री हेमाद्री याने, म्हणजे ज्याला आपण हेमाडपंत म्हणतो त्याने. आणि व्रते, दाने, श्राद्धे यांचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा महाग्रंथ रचला तोही यानेच. ज्या व्रताच्या आणि श्राद्धाच्या पानावर लसूण चालत नाही त्यांचा संग्रह आणि ज्या वैद्यकात लसणावाचून चालत नाही त्याची टीका, दोन्ही एकाच लेखणीची. यात ढोंग होते असे आम्ही म्हणत नाही. त्या काळच्या विद्वानाच्या मनात दोन कप्पे होते आणि दोहोंमधील दार त्याने कधी उघडून पाहिले नाही, एवढेच.

ते दार उघडले एका माळ्याने. हेमाद्री देवगिरीला राजकारण करीत होता त्याच काळात, आजच्या सोलापूर जिल्ह्यातील अरण या गावी सावता माळी आपला मळा पिकवीत होते. त्यांचा काळ इसवी सन १२५० ते १२९५ असा सांगतात. त्यांचे अभंग काशिबा गुरव यांनी लिहून ठेवले आणि त्यांतील सदतीसच आज उपलब्ध आहेत, अशी परंपरा आहे. सर्वांत प्रसिद्ध अभंगात मळ्यातील भाज्यांची नावे घेऊन त्यांतच त्यांनी विठ्ठल पाहिला आहे. त्या नावांत कांदा आहे आणि लसूणही आहे. अवघ्या महाराष्ट्राला तो अभंग पाठ आहे, म्हणून त्यातील धाडस आता कोणाच्या लक्षात येत नाही. जो पदार्थ मनुस्मृतीने पंक्तीतून उठविला, ज्याच्यासाठी गाईला उपाशी ठेवण्याची पळवाट काढावी लागली, त्याला या माणसाने थेट देव म्हटले. वाद घातला नाही, शास्त्रार्थ केला नाही. वाफ्यात वाकून तण काढताना जे समोर दिसले ते सांगितले. सावता पंढरपूरला गेले नाहीत, विठ्ठलच त्यांच्या भेटीस अरणला येतो, ही श्रद्धा वारकऱ्यांनी आजवर जपली आहे.

येथे एक ऐतिहासिक अडचण आहे, तिची चर्चा केल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्याच अभंगात लसणाच्या शेजारी मिरचीही आहे. मिरची ही अमेरिकेची वनस्पती. कोलंबस १४९२ साली तिकडे पोहोचण्यापूर्वी ती आशियात कोणी पाहिलेली नव्हती आणि आपल्या किनाऱ्यावर ती पोर्तुगीज गलबतांबरोबर आली, वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरल्यानंतर. मग १२९५ साली समाधिस्थ झालेल्या संताच्या मळ्यात ती कोठून? कोणी म्हणतात, मूळ शब्द मिरी असावा. आम्हांला दुसरे उत्तर अधिक पटते. हे अभंग पोथीपेक्षा कंठात अधिक राहिले; गाणाऱ्यांच्या परसात जेव्हा मिरची आली तेव्हा ती त्यांच्या ओठांवरही आली, आणि कीर्तनकाराने तिला लसणाच्या शेजारी बसवून टाकले. त्यामुळे अभंगाचे मोल कमी होत नाही. उलट नव्या पाहुणीला इतक्या सहजपणे देवाच्या पंक्तीत जागा मिळावी, हे त्या परंपरेचे औदार्यच म्हटले पाहिजे. लसणाविषयी मात्र अशी शंका घेण्याचे कारण नाही. तो सावतोबांच्या आधीही या मातीत होता.

मिरची ज्या गलबतांतून उतरली त्यांच्याच खलाशांबरोबर लसणाचा एक युरोपीय प्रयोगही आला. पोर्तुगीज लोक मांस टिकविण्यासाठी मद्यात आणि लसणात मुरवून ठेवीत. त्यांच्या भाषेत ‘विन्यो’ म्हणजे द्राक्षमद्य आणि ‘आल्यो’ म्हणजे लसूण. गोव्याच्या स्वयंपाकघरात मद्याची जागा शिरक्याने घेतली, मिरची आली, मसाले आले आणि झाला विंदालू. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी नाताळाला किंवा लग्नात तो होतो. हॉटेलवाले त्यात ‘आलू’ ऐकून बटाटे घालतात, तो भाग निराळा. असो. गोव्याला लसूण आणि मिरची यांची जी गाठ पडली ती घाट चढून आत आली, आणि माजलगावच्या पाट्यावर ठेचा होऊन भाकरीवर बसली. कोणत्या वर्षी बसली याची नोंद नाही. पाट्यावरवंट्याने दप्तर ठेवले नाही.

आता प्रत्यक्ष वाफ्याकडे वळू. निजामी काळातील इंग्रजी गॅझेटियरमध्ये या तालुक्याचे नाव मंजलेगाव असे लिहिलेले आढळते. जमीन बहुतेक काळी, गोदा आणि सिंदफणा यांच्या खोऱ्यातील. ज्वारीला आणि कापसाला ही माती माउलीसारखी, लसणाला मात्र ती जरा जड. ओली झाली की चिकटते, वाळली की भेगाळते आणि गड्ड्याला आवळून धरते. म्हणून परसात लसूण लावणारी बाई त्या तुकड्यात कुजलेले शेणखत आणि चुलीतील थोडी राख मिसळून माती भुसभुशीत करून घेते. दसरा झाला, रात्री गार पडू लागल्या, की गड्डे फोडायचे. बाहेरच्या ठसठशीत कुड्या लावण्यास घ्यायच्या, आतल्या बारीक कुड्या चटणीला ठेवायच्या. सपाट वाफ्यात चार-चार बोटांच्या अंतरावर, टोक वर ठेवून, बोटाच्या एका पेराइतकी खोल कुडी खोचायची. टोक खाली गेले तर कोंब वळसा घेऊन वर येतो आणि गड्डा वाकडा होतो. वाफा वेगळा नसेल तर मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्याच्या वरंब्यावर लसणाची ओळ धरतात.

लसणाला थंडी हवी असते ती पात वाढण्यासाठी आणि कुड्या सुट्या होण्यासाठी. पुढे दिवस मोठा होऊ लागला, ऊन वाढले, की गड्डा भरतो. मराठवाड्याची थंडी आखूड असल्याने लावणीला उशीर करून चालत नाही. पौषात लावलेला लसूण कित्येकदा फुटतच नाही, एकाच कुडीचा गोळा होऊन राहतो. मुळे उथळ, म्हणून पाणी थोडे पण वेळेवर, आठ-दहा दिवसांनी हवे. पात पिवळी पडून माना टाकू लागली की पाणी तोडायचे. माघ-फाल्गुनात, लावणीपासून साधारण साडेचार-पाच महिन्यांनी, काढणी.

हे पाणी येते न्हाणीचे. नळ नव्हते तेव्हा आडावरून डोक्यावर आणलेले पाणी दोनदा वापरले जाई. अंगावरून गेलेले पाणी दगडी मोरीतून परसात जाई आणि तेथे आळूचे, केळीचे आणि लसणाचे आळे त्याची वाट पाहत असे. अंगाला शिकेकाई आणि भांड्यांना राख होती तोवर हे पाणी झाडांना मानवे. कपडे धुण्याची पूड घरोघर झाल्यावर त्यात क्षार वाढले, आणि कांदा-लसूण क्षारांना फार हळवे. आज ज्यांना परसात लसूण लावावयाचा असेल त्यांनी साबणाचे पाणी वेगळे काढावे, एवढी व्यावहारिक सूचना आम्ही येथे करून ठेवतो. वाणाच्या बाबतीत, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘गोदावरी’ आणि ‘श्वेता’ हे वाण दिले आहेत; पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचे ‘भीमा ओंकार’ आणि ‘भीमा पर्पल’ही आहेत. गोदावरीकाठच्या घराने ‘गोदावरी’ लावावा यात आम्हांला एक औचित्य वाटते.

पाण्याची कथा पुढे बदलली. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. त्याच प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात सिंदफणेवर माजलगावचे धरण झाले, ते १९८७ साली पुरे झाले. पैठणच्या उजव्या कालव्याचे पाणी सव्वाशे किलोमीटरहून अधिक अंतर कापून त्यात येते. कालव्याखाली ऊस आला, तेलगावला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तरीही बीड जिल्ह्याची ओळख ऊस पिकविणारा म्हणून झाली नाही, ऊस तोडणारा म्हणून झाली. पाणी काहींच्या शेतात गेले. बाकीच्यांच्या हाती कोयता राहिला.

आणि येथे लसणाच्या पंचांगाची आणि माणसाच्या पंचांगाची टक्कर होते. साखर कारखान्यांचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, आणि तेथे नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, बैलगाडी किंवा ट्रॅक्टरमधून पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात, ती परततात गुढीपाडव्याच्या आगेमागे. लसूण लावण्याचा पंधरवडा तोच त्यांच्या निघण्याचा, आणि लसूण काढण्याचा महिना तो ती पाचटाच्या खोपीत असण्याचा. परसबाग लावा, घरचे ताजे खा, असा उपदेश सरकारी पत्रकांतून आणि आमच्यासारख्यांच्या तोंडूनही वर्षानुवर्षे होत आला आहे. परंतु परसबागेला सर्वांत आधी लागते ते बी नव्हे, खत नव्हे. तिला लागते घरी असलेले माणूस. २०२४ साली बाजारात लसूण किलोमागे चारशे रुपयांपर्यंत चढला तेव्हा या कुटुंबांना मंदसौर-नीमचकडून आलेला लसूण पावशेराने विकत घ्यावा लागला, आणि घरी वाफ्याची जागा रिकामी होती.

पवित्र शास्त्रात लसणाचा उल्लेख एकदाच येतो. गणना या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात वाळवंटातून चाललेले इस्राएल लोक मिसर देशातील मासळी, काकड्या, खरबुजे, भाजी, कांदे आणि लसूण यांची आठवण काढून रडतात. ‘शूम’ हा लसणासाठीचा हिब्रू शब्द संपूर्ण जुन्या करारात तेवढ्या एकाच ठिकाणी आहे. हिरोडोटस हा ग्रीक इतिहासकार सांगतो की मोठ्या पिरॅमिडवर मजुरांच्या मुळ्या-कांद्या-लसणासाठी झालेला खर्च कोरला होता आणि तो चांदीचे सोळाशे टॅलंट इतका होता असे त्याला दुभाष्याने सांगितले. विद्वान या आकड्यावर विश्वास ठेवीत नाहीत. तथापि मिसरात लसूण होता यात शंका नाही, तुतनखामेनच्या थडग्यात तो प्रत्यक्ष मिळाला आहे. प्रवचनांतून या रडणाऱ्या लोकांना कृतघ्न ठरविण्याचा प्रघात आहे: आकाशातून मान्ना पडत असता यांना लसूण कसला आठवतो! ज्याने ऊसतोडीच्या फडावर संध्याकाळची भाकरी पाहिली आहे त्याला हा अध्याय निराळा वाचावा लागतो. कारळाची, जवसाची, शेंगदाण्याची लसूण घातलेली कोरडी चटणी डब्यात भरून नेलेली असते, कारण ती पाण्यावाचून महिनाभर टिकते. डब्यातील चटणी संपत आली की त्या कुटुंबाला जी आठवण होते ती चैनीची नसते. तीत घर असते, चूल असते, मागे राहिलेली म्हातारी माणसे आणि शाळेतील लेकरे असतात. इस्राएल लोकांचा अपराध शास्त्राने सांगितला आहे, तो आम्ही नाकारीत नाही. फक्त लसणाची आठवण ही त्यातील सर्वांत क्षम्य गोष्ट असावी, असे आमचे मत झाले आहे.

हिंदू घरांत आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करतात. त्या दिवशी कांदा-लसणाचे मनसोक्त खाऊन चातुर्मासापुरता त्याला निरोप द्यायचा. पुढे कार्तिकात चातुर्मास संपतो, तेव्हा लावणीही दारात येऊन ठेपलेली असते. व्रताने पान जेवढे दिवस रिकामे ठेवले, तेवढे दिवस बियाणाचे गड्डे आपोआप वाचले, असा याचा एक शेतकी अर्थही लागतो. तो कोणी योजून लावला असेल असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

ज्या घरांत परसातला लसूण अजून टिकून आहे, तेथे तो बहुधा आजीने टिकविला आहे. निघण्यापूर्वी सून कुड्या खोचून जाते, तीन-चार महिने आजी न्हाणीच्या पाण्याची वाट वाफ्याकडे वळवीत राहते, आणि फाल्गुनात पात सुकली की खुरप्याने गड्डे उकरून सावलीत वाळविते. मग पातीला पात गुंफून जुडी बांधायची आणि चुलीच्या वर, धूर लागेल अशा बेताने, आढ्याला टांगायची. कोयत्यावरची माणसे पाडव्याला परततात तेव्हा खालच्या जुड्या चटणीसाठी उतरतात. सर्वांत वरची, ठसठशीत गड्ड्यांची जुडी मात्र कोणी उतरवीत नाही. ती कार्तिकापर्यंत तेथेच राहते.